चालू सिम कापायची नोकरी

सिम मेलेलं असलं तर कापायचं न्हाई, हा आमच्या नोकरीतला पहिला नियम. आधी ते जिवंत हाय का बघायचं, अन मग कात्री लावायची.

हे वाचून तुमाला वाटंल, हे पोरगं कुठं कामाला होतं? तर मी मोबाईल कंपनीचा प्रमोटर होतो. प्रमोटर म्हंजे आठवडी बाजारात लोखंडी पायाची रंगीत छत्री ठोकायची, पुढं टेबल मांडायचं, गळ्यात कंपनीचा पट्टा अडकवायचा अन येणाऱ्या-जाणाऱ्याला वरडून वरडून सिम विकायचं. पगार मात्र कंपनीचा न्हाई, हिंगोलीच्या डिस्ट्रीब्युटरचा. त्यांना समदे भाऊ म्हणायचे, म्हून मी बी भाऊच म्हणतो. आज सेनगाव, उद्या गोरेगाव, परवा औंढा. ज्या गावाला बाजार, त्या गावाला आमची छत्री.

आता मी हिंगोलीत एका रिपेरिंगच्या दुकानात बसतो. दिवाळी अंकवाल्या सरांनी सांगितलं, तू नकलाकार माणूस, नोकरीतल्या गमती लिहून दे. गमती हायेत, दोनेक सांगतो. पण मला खरं म्हंजे एकच गोष्ट सांगायची हाय, अन ती गमतीची न्हाई.

आधी धंदा समजून घ्या. आमच्या भागात पहिला टावर एका जुन्या कंपनीचा. म्हून पहिलं गिऱ्हाईक बी तिचंच. आमची कंपनी मागून आली. टावर उभा राहिला, पण सिम घ्यायला कुत्रं फिरकंना. ज्याच्यापाशी फोन हाय त्याच्यापाशी सिम बी हाय, मग दुसरं कशाला घेईल? तवा भाऊंनी डोकं लावलं. फोन तुमचाच घेऊन या. जुन्या कंपनीचं सिम आमच्याकडं जमा करा. आमचं सिम घाला, अन झाकणाची स्टीलची घागर घेऊन घरी जा.

जमा झालेलं सिम आमी गिऱ्हाइकासमोरच कापायचो अन दोन्ही तुकडे फारमाला सेलोटेपनं चिटकवायचो. तुकडे नसले तर भाऊ घागर मंजूर करत नव्हते. कापायचं याच्यासाठी की माणूस माघारी जुन्या कंपनीकडं जाऊ नये. पण लोक आमच्यापेक्षा हुशार. कोणी बंद पडलेलं सिम आणायचा, कोणी एसटी स्टँडवर सापडलेलं. म्हून तो नियम निघाला. आधी त्या सिमवरून माझ्या फोनला मिस कॉल द्यायचा. घंटी वाजली की सिम जिवंत. मग कात्री.

एक मास्तर खडूच्या खोक्यात सहा सिम घेऊन आले. साहीच्या साही जिवंत. मी म्हणलं, "सर, येवढ्या घागरी काय करता?" तर म्हणले, "शाळेत पाण्याची सोय नाही रे. लेकरांसाठी." मला तर गुरुजींचे पाय धरावे वाटले. पुढच्याच महिन्यात त्यांच्या मेव्हणीच्या लग्नात रुखवतात सहा घागरी वळीनं मांडलेल्या बघितल्या. एकीवर आमच्या कंपनीचा स्टिकर तसाच होता.

एक म्हातारी आली गोरेगावच्या बाजारात. फोन पिठाच्या पिशवीत गुंडाळलेला. म्हणली, "लेकरा, असं सिम दे की लेकाचा फोन आला पाहिजे अन सुनेचा आला न्हाई पाहिजे." मी म्हणलं, "आजी, असं सिम निघालं तर पहिलं मपल्या आईला देईन." आजी म्हणली, "काहून? तुझं लगीन झालं का?" मी म्हणलं न्हाई. तर म्हणली, "मंग आधीच घेऊन ठिव."

आता मपल्या नकलांचं सांगतो, कारण पुढलं समदं त्याच्यावर हाय. शाळेत मी गुरुजींच्या मागं गुरुजी व्हायचो अन पुढं आलो की छडी खायचो. जीपवाला, कंडक्टर, कीर्तनकार, ग्रामसेवक, समदे माझ्या गळ्यात. फोनमधली ती बाई, 'आपण संपर्क करू इच्छित असलेली व्यक्ती' म्हणणारी, ती तर मी इतकी हुबेहूब काढायचो की एका जीपवाल्यानं खरंच फोन कट केला होता. भाऊंनी मला ठिवलं ते ह्याच्याच जोरावर. बाजारात माईक हातात घेऊन मी भाजीवाला व्हायचो, वांग्याच्या भावात सिम विकायचो, लोक हसत हसत जवळ यायचे. हसणारा माणूस लौकर सही करतो, हे मी त्या नोकरीत शिकलो.

पण माझं मोठं काम माईकवर नव्हतं. सिम पुरतं चालू करायच्या आधी कंपनीच्या मोठ्या हापिसातून त्या नव्या नंबरवर एक बाई फोन करायची. ही खरीखुरी बाई. गिऱ्हाइकाचं नाव इचारायची, बापाचं नाव, गाव, अन शेवटी एक ठरलेला सवाल: "हे सिम घेतल्यावर तुमचा जुना नंबर बंद होईल आणि तुम्हाला नवीन नंबर मिळेल, याची तुम्हाला कल्पना आहे ना?"

त्या टायमाला नंबर सिममधी असायचा. सिम बदललं की नंबर बदलला. आता ऐकून राहिलो की नंबर तोच ठिवून कंपनी बदलता येणार म्हणे. तवा तसं काही नव्हतं. अन खेड्यातल्या अर्ध्या माणसांना वाटायचं की नंबर फोनच्या मशीनमधी असतो, जसा गाडीचा नंबर गाडीवर. त्यांना तो सवाल इचारला की समदं बिघडायचं. एकजण फोनवरच वरडला, "बंद? काहून बंद? मंग नको मला!" घागर टेबलावर ठिवून निघून गेला. त्याच्या मागं उभे असलेले चार बी गेले.

तवापासून भाऊंनी रीत काढली. नवं सिम आधी मपल्या दुसऱ्या फोनमधी घालायचं. गिऱ्हाइकाला सांगायचं, तुमी बाजार करून या, तासाभरात चालू करून ठिवतो. तेवढ्यात त्या बाईचा फोन यायचा अन मी गिऱ्हाइकाच्या आवाजात बोलायचो. एका बाजारात मी नऊ म्हातारे अन तीन म्हाताऱ्या केल्या. बाईला एकदाबी शक आला न्हाई. भाऊ पाठीवर थाप मारायचे, "कलाकार हाय लेका तू, कलाकार." मला लई बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू?

त्याच रीतीत थावराकाका आले.

थावराकाका राठोड म्हंजे गोरेगावपासून कोसभरावरच्या तांड्यातले. साठीचा माणूस, डोक्याला पांढरं मुंडासं, शर्टाच्या आतल्या खिशात फोन, अन फोनला आडवं रबर. बोलायच्या आधी एकदा खाकरायचे. घरची चार एकर कोरडवाहू, दहा-बारा शेळ्या. लायनीत उभे राहून मपली भाजीवाल्याची नक्कल बघून गालातल्या गालात हसून राहिले होते. नंबर आला तवा फोन काढून टेबलावर ठिवला.

"हा फोन तुमी घेता का बाबू?"

"न्हाई काका, फोन तुमचाच. आतला आत्माच तेवढा बदलायचा."

"मंग घागर फुकट देता?"

"फुकट."

"बरी हाय." घागरीवर बोटानं टकटक केलं. "पोरगी येणार हाय बाळंतपणाला. न्हाणीत पाणी भरून ठिवाया व्हईल." मग खाकरून म्हणले, "फोन मपलाच राहिला, तर नंबर बी मपलाच राहतो ना?"

त्यांच्या मागं सात माणसं उभी होती. भाऊ जीपमधी बसून फारम मोजून राहिले होते. मी माईक तोंडाशी धरला अन भाजीवाल्याच्या आवाजात वरडलो, "फोन बी मपलाच, नंबर बी मपलाच, घागर बी मपलीच! घ्या काका घ्या!"

समदी लाईन हसली. काका बी हसले. अंगठा उठवला.

त्यांच्या फोनवरून मी मपल्या फोनला मिस कॉल दिला. वाजला. सिम काढलं, कापलं, चिटकवलं. काकांनी त्या तुकड्याकडं बघितलं अन म्हणले, "कापलं काहून?"

"नियम हाय काका."

"बरं," म्हणले, अन मिरच्या घ्यायला गेले.

अर्ध्या तासानं बाईचा फोन आला. मी खाकरलो. नाव सांगितलं, बापाचं सांगितलं, गाव सांगितलं. मग तिनं तो सवाल इचारला. तिचा आवाज त्या दिवशी थकलेला होता, पण तिनं सवाल पुरा इचारला, एकबी शब्द गाळला न्हाई. मी पुन्हा खाकरलो अन थावराकाकाच्या आवाजात म्हणलो, "व्हय बाई. मालूम हाय."

भाऊ जीपमधून बघत होते. त्यांनी अंगठा वर केला.

काका घागर खांद्यावर घेऊन गेले. मी दुसरं गिऱ्हाईक धरलं.

तीन आठवड्यांनी काका बाजारात पुन्हा आले. मी दुरूनच वळखलं. टेबलापाशी आले, रबर काढलं, फोन पुढं ठिवला.

"बाबू, मशीन बिघडली का बघ बरं. पोरीचा फोन येऊन न्हाई राहिला."

मी फोन हातात घेतला. रिंगचा आवाज वाढवल्यासारखं केलं, कमी केल्यासारखं केलं. आत काय झालंय हे मला बघायची गरज नव्हती.

"कधीपासून काका?"

"तीन शुक्कुरवार झाले."

मग त्यांनी समदं सांगितलं. मीरा, त्यांची एकुलती लेक. तिला सेनगावाकडल्या तांड्यात दिली होती. नवरा-बायको ऊसतोडीला कर्नाटकात गेले होते, मुकादमाच्या टोळीसंगं. जाताना पोटुशी होती. पहिलं बाळंतपण माहेरात व्हायचं, म्हून बापलेकीचं ठरलं होतं: आठवा महिना लागला की मीरानं फोन करायचा, अन थावराकाकांनी जीप घेऊन घ्यायला जायचं. सिझन चालू असताना मुकादम बाईमाणसाला सोडत न्हाई. माहेरचा माणूस दारात उभा राहिला तरच सोडतो. नवऱ्याचं काही चालत न्हाई तिथं, तो बी मुकादमाचाच. अन टोळी एका जागी राहत न्हाई. आज ह्या शिवारात पाचटाच्या कोप्या, आठ दिवसानं दुसऱ्या शिवारात. कुठं यायचं हे मीराच्या फोनवरूनच कळणार. दर शुक्कुरवारी टोळी बाजाराला जायची, तिथल्या बूथवरून ती आठवड्याचं सांगायची, कोण्या गावाच्या शिवारात हाव म्हून.

"आठवा लागला असंल आता," काका म्हणले. "नंबर तिच्यापाशी हाय. ती विसरणार न्हाई. म्हून म्हणलं, मशीनच बिघडली असंल."

ह्या ठिकाणी मी खरं सांगायला पाहिजे होतं. तवाच सांगितलं असतं तर काका दुसऱ्या दिवशी जीप करून कर्नाटकात गेले असते, दारोदार इचारत फिरले असते. पण भाऊ शेजारी उभे होते, पुढं गिऱ्हाईक होतं, अन मला भ्या वाटलं. मी म्हणलो, "टावरचं काम चालू हाय काका. पुढच्या बाजारापर्यंत व्हईल समदं बराबर."

काकांनी फोनला रबर लावलं. "बरं," म्हणले. ते मपल्या सांगण्यावर आठ दिवस थांबले.

पुढच्या बाजारी छत्री ठोकायच्या आधीच काका येऊन बसले होते. चौथा शुक्कुरवार बी गेला होता. मला त्यांच्या तोंडाकडं बघवंना. मी त्यांना छत्रीमागं नेलं अन सांगितलं की सिम बदललं तवा नंबर बदललाय. मीरा जुन्या नंबरला फोन लावत असंल.

त्यांनी फोन खिशातून काढला, उलटा-सुलटा करून बघितला. मग म्हणले, "फोन तर हाच हाय."

"फोन हाच हाय काका. नंबर कापलेल्या सिमात होता."

"मी इचारलं होतं तुला."

"व्हय."

"तू म्हणला मपलाच हाय."

मी मुंडी खाली घातली. तवा बी मी पुरतं खरं सांगितलं न्हाई. म्हणलं, "गडबडीत गलती झाली." त्या बाईच्या सवालाचं सांगितलंच न्हाई.

मी मपल्या फोनवरून त्यांचा जुना नंबर लावून बघितला. 'मोबाईल बंद आहे' म्हणणारी बाई आली. चार शुक्कुरवार मीरा हीच बाई ऐकून राहिली होती.

भाऊंना न सांगता मी छत्री तशीच सोडली अन काकांना घेऊन हिंगोलीला जुन्या कंपनीच्या दुकानात गेलो. जुना नंबर परत चालू करून द्या म्हणलं. दुकानदारानं कॉम्प्युटरमधी बघितलं अन म्हणला, "देता येतं ना. पण हा नंबर राठोडांच्या नावावर नाहीच. कुरुंद्याच्या कोणा गंगाधरच्या नावावर आहे. त्यांनी येऊन सही केली पाहिजे."

काकांना काही समजंना. ते म्हणले, "मी कुरुंद्याला कधी गेलोच न्हाई." मला मात्र लगेच समजलं. काकांनी दोन वर्षांखाली ते सिम कोण्या बाजारात माझ्यासारख्याच एका पोराकडून घेतलं असंल. तवा काकांपाशी कागदपत्र नसतील, अन त्या पोरानं पिशवीतली दुसऱ्याची झेरॉक्स लावून दिली असंल. आमी समदेच तसं करायचो. गिऱ्हाईक माघारी जाऊ नये म्हून.

दुसऱ्या दिवशी जीप बदलत बदलत आमी कुरुंद्याला गेलो. हळद शिजवायचे दिवस. गावाच्या बाहेर वावरात कढया लागलेल्या, वाफच वाफ. गंगाधरराव कढईपाशीच भेटले. हात कोपरापर्यंत पिवळे. मी समदं सांगितलं. काका बाजूला उभे होते, हात जोडून.

गंगाधरराव म्हणले, "माझ्या नावानं सिम? अन दोन वर्षं दुसराच माणूस वापरतोय?"

"व्हय, पण गलतीनं. तुमी निस्ती सही केली तर..."

"सही केली म्हंजे ते माझंच हाय असं व्हईल ना? उद्या कोणी त्याच्यावरून धमकी दिली तर पोलीस कोणाच्या दारात येतील? तुझ्या का माझ्या?"

"साहेब, पोरगी अडकलीय त्यांची."

त्यांनी काकांकडं बघितलं. माणूस वाईट नव्हता. "बाबा, बसा सावलीत, पाणी प्या," म्हणले. "पण सही तेवढी मला मागू नका. मला बी लेकरंबाळं हायेत." अन झारा घेऊन वाफेत गेले.

काकांनी पाणी प्यालं न्हाई.

मुकादमाचा नंबर आमी सेनगावाकडल्या तांड्यातून मिळवला. तो राज्याबाहेर रोमिंग लागतं म्हून फोन बंदच ठिवायचा. त्याच संध्याकाळी काका घरी न जाता तसेच एसटीत बसले. कारखान्याचं नाव तेवढं मालूम होतं. मी संगं येतो म्हणलं. ते म्हणले, "नको. तू बाजार कर." टोमणा नव्हता तो. सरळ बोलले होते. म्हूनच जास्त लागलं.

बारा दिवसांनी ते परत आले, मीराला घेऊन. लेकरू न्हाई. मला जे कळलं ते जीपवाल्याकडून. काका नऊ दिवस कारखान्याच्या आजूबाजूच्या शिवारात इचारत फिरले. टोळी सापडली तवा लेकरू होऊन अन जाऊन दोन दिवस झाले होते. आठव्यातच, कोपीत. मीरा बैलगाडीत उसाच्या मोळ्या चढवून आली अन त्याच दुपारी पोटात दुखाया लागलं. मुकादमानं गाडी दिली न्हाई असं न्हाई, पण ऊस खाली करून मग दिली.

मी दोन बाजार गोरेगावला गेलोच न्हाई. तापाचं निमित्त सांगितलं. तिसऱ्या बाजाराला भाऊंनी फोनवर आईमाईवरून शिव्या दिल्या तवा गेलो. दुपारी काका आले. रिचार्ज मारायला. माझ्याकडं! दुसरी दोन दुकानं होती गावात, तरी.

मी म्हणलं, "काका, मीराची तब्येत?"

"हाय." फोनकडं बघत राहिले. "बोलत न्हाई माझ्याशी. भाकर वाढते, पाणी देते, बोलत न्हाई. तिला वाटतं, बा नं फोन बंद करून ठिवला. घ्यायला जावं लागू नये म्हून."

"तुमी सांगितलं न्हाई? सिमचं?"

"सांगितलं. ती म्हणते, घागरीसाठी नंबर बदलला ना? मंग तेच झालं." खाकरले. "खरंच हाय तिचं. मपलीच गलती हाय. मी नीट इचाराया पाहिजे होतं. कंपनीनं बी इचारलं असंल कुठंतरी, मला वाचता येत न्हाई, माझ्या ध्यानात आलं नसंल."

कंपनीनं इचारलं होतं. शब्द न गाळता इचारलं होतं. अन हा माणूस ते ध्यानात न आल्याचा दोष बी सोताच्याच डोक्यावर घेऊन राहिला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तांड्यावर गेलो. तांड्यात मी याच्या आधी गेलो होतो ते सिम विकायलाच. बायांनी मला वळखलं, एक म्हणली, "आज भोंगा न्हाई आणला?" मी कोणाकडं बघितलं न्हाई.

मीरा अंगणात सुपात तूर पाखडत बसली होती. वीस-बावीसची. अंगानं निस्ती काडी झालेली. काका गोठ्याच्या खुंट्यापाशी शेळी बांधून राहिले होते, तिथून ऐकू येईल एवढ्या अंतरावर. बापलेकीची आपसातली बोली गोरमाटी, म्हंजे तांड्याची भाषा; माझ्याशी मराठी.

मी उभ्या उभ्याच सांगितलं. घोकून आलो होतो. लाईन मोठी होती म्हून काकांच्या सवालाला मी चेष्टेत उत्तर दिलं, हे सांगितलं. सिम जिवंत हाय का बघून कापलं, हे सांगितलं. मग बाईच्या फोनचं सांगितलं.

मीराचं सूप थांबलं. "इचारलं होतं तिनं? जुना नंबर बंद व्हईल म्हून?"

"व्हय. सरळ इचारलं."

"अन बा काय म्हणले?"

"ते नव्हतेच तिथं. मिरच्या घ्यायला गेले होते. मी बोललो. त्यांच्या आवाजात. त्यांना ते कळलंच न्हाई, आजपर्यंत."

खुंट्यापाशी काकांचे हात थांबलेले मला दिसले. ते वळले न्हाईत.

"अन टावरचं काम चालू हाय म्हणून आठ दिवस त्यांना थांबवलं, ते बी मीच," मी म्हणलं. "टावरला काही झालं नव्हतं."

मीरा माझ्याकडं बघत राहिली. मला वाटलं सूप फेकून मारंल. मारलं असतं तर बरं झालं असतं. तिनं सूप खाली ठिवलं अन डाव्या हाताची बाही कोपरापर्यंत वर घेतली.

तांड्यातल्या बायांच्या हातावर गोंदण असतंच, ठिपके, फुल्या, वेल. तिच्या हातावर त्या जुन्या हिरव्या ठिपक्यांच्या खाली, मनगटापाशी, नवं काळं गोंदण होतं. दहा आकडे. जत्रेत मशीनवाले बसतात त्यांच्याकडून काढलेले, जरा वाकडे. मला मपल्या फोनमधल्या मिस कॉलशी ताडून बघायची गरज नव्हती. पाठ झाला होता तो नंबर मला.

"मला वाचता येत न्हाई," मीरा म्हणली. "जायच्या आधी बा नं गोंदून आणलं. कागद हरवतो, हात हरवत न्हाई म्हणले. बूथवाल्याला हात दाखवायचे. तो बघून दाबायचा. पहिल्या शुक्कुरवारी म्हणला, बंद हाय. दुसऱ्या शुक्कुरवारी म्हणला, बंद हाय. तिसऱ्याला मला वाटलं गोंदणाऱ्यानंच आकडा चुकवला, म्हून मी रडले. बूथवाला म्हणला, न्हाई बाई, आकडे बराबर हायेत, माणूसच उचलून न्हाई राहिला." तिनं अंगठा त्या आकड्यांवरून फिरवला. "मंग मला बा चा राग आला. लेकरू गेलं तवा बी मी बा लाच शिव्या देत होते. तोंडानं. समद्या बायांनी ऐकल्या."

माझ्या गळ्यात पन्नास माणसं होती, एकबी कामाचा निघाला न्हाई.

मीरा उठली. खुंट्यापाशी गेली, काकांच्या हातातलं दावं घेतलं अन शेळी तिनं बांधली. गोरमाटीत काहीतरी बोलली. मला दोनच शब्द कळाले, बा अन भाकर. महिन्याभरात पहिल्यांदा बोलली असंल. काकांनी मुंडाशाच्या शेवानं तोंड पुसलं.

मग ती माझ्याकडं वळली. "मी म्हणते, ह्याच्याखाली नवा नंबर गोंदून घेते. पुढल्या सालाला पुन्हा जावंच लागंल तोडीला. बा नको म्हणून राहिले."

"काहून काका?" मी इचारलं.

काकांनी पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं. आवाजात राग न्हाई, काही न्हाई.

"मपलाच भरोसा न्हाई राहिला मला," ते म्हणले. "उद्या पुन्हा कोणी बाजारात काही देतो म्हणला, अन मी पुन्हा बदलला, तर? तिच्या हातावर जागा किती राहिली?"